दोन खुर्च्यांवर एकच चेहरा

१

शनिवारी सकाळी शंतनू सरांनी मला हाक मारली, तेव्हा त्यांच्या समोरच्या चहावर साय धरली होती. चहा गार होऊ देणाऱ्यातला हा माणूस नव्हे. काहीतरी बिघडलंय, हे मी दारातच ओळखलं.

"भानुताई, कोण आहे ही?"

पडद्यावर एका मुलीचा फोटो होता. नुसता चेहरा, जरा धूसर, मागचं-पुढचं काही नाही.

"ही आपली स्वराली. औरंगपुऱ्याची, इंजिनिअरिंगवाली."

"आता खालचं नाव वाचा."

खाली नाव होतं प्रेरणाचं.

गारखेड्यातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात मी ऑफिसचं सॉफ्टवेअर शिकवते. पत्र कसं टाईप करायचं, तक्ता कसा आखायचा, बेरजा यंत्राकडून कशा करवून घ्यायच्या. मी स्वतः हे भाच्याच्या टाकून दिलेल्या संगणकावर शिकले, त्यामुळे कुणी चुकलं की मला राग येत नाही, ओळख पटते. शिकवतो आम्ही, पण परीक्षा घेते बाहेरची एक कंपनी. आमच्याकडे फक्त तिचं केंद्र. तिचं प्रमाणपत्र हातात असलं की नोकरीच्या ठिकाणी निदान खुर्ची देतात बसायला.

त्याच कंपनीची मेल आली होती. परीक्षा सुरू होताना निघालेला फोटो उमेदवाराच्या ओळखपत्राशी जुळत नाही, निकाल रोखला आहे, केंद्राने खुलासा करावा.

पूर्वी हे फोटो आमचा लॅब सांभाळणारा ऋतुराज काढायचा. त्याच आठवड्यापासून नवी सोय झाली होती. उमेदवाराने 'सुरू करा' दाबून पेपर उघडला की पडद्यावरचा कॅमेरा आपला आपणच फोटो घेतो आणि त्यातला चेहरा तेवढा कापून कंपनीला पाठवतो.

"काल दोघीच होत्या परीक्षेला," सर म्हणाले. ते खरं होतं. दोन हजार सोळाचा मे महिना, आणि तो शुक्रवार आमच्या भागातला नळाचा दिवस होता. बाकीच्यांनी पाणी भरायचं म्हणून तारीख पुढे ढकलून घेतली होती. "प्रेरणाची परीक्षा आधी सुरू झाली, स्वरालीची दोन-तीन मिनिटांनी. स्वरालीच्या नावावर स्वरालीचाच फोटो आहे, आणि प्रेरणाच्या नावावरही स्वरालीचाच. म्हणजे ही पोरगी आधी हिच्या खुर्चीत बसली, मग उठून स्वतःच्या. उघड आहे."

उघड दिसणारे टाके मला शिवणकामातसुद्धा आवडत नाहीत. पण तेवढ्यात प्रेरणा आली.

प्रेरणा मूळची पिशोरची. दोन उन्हाळ्यांमागे विहीर आटली, तेव्हा सासू द्वारकाबाईंना घेऊन ती गारखेड्यात भाड्याच्या खोलीत आली. नवरा गावीच, जनावरांपाशी. सकाळी लोकांच्या पोळ्या लाटून ती क्लासला यायची आणि तिच्या बोटांना कणकेचा वास असायचा.

सरांनी फोटो दाखवला. ती बघतच राहिली.

"सर, मी बसले, बटण दाबलं, पेपर सोडवला, उठले. आजून काय सांगू?"

"मग ही तुझ्या जागी कशी आली?"

"मला काय ठाव?"

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, 'चूक झाली' असं लिहून दे. तुझ्यावर वर्षाची बंदी येईल, पण केंद्र वाचेल. केंद्रच बंद झालं तर पुढच्या बॅचच्या बायकांनी कुठे जायचं?"

"सोमवारी अकराच्या आत मला शेंद्र्याच्या कंपनीत कागद दाखवायचाय, सर. नाय दाखवला तर ते खालच्या नंबरचीला घेतेत."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो मी. त्याच्यापुढे मला काहीतरी कळवावंच लागेल."

बाहेर येऊन प्रेरणानं माझा हात धरला. "बाई, न केलेलं मी कसं लिहू? आन् लिहिलं नाय तर सगळ्याजणींचं बुडवलं म्हणतील. तुम्हीच सांगा, कोन्तं पाप कमी हाये?"

उत्तर द्यायच्या आधी मी चौकशी करायचं ठरवलं.

२

पहिला नंबर ऋतुराजचा. परीक्षेच्या खोलीवर लक्ष ठेवणं त्याचं काम.

तो लॅबमध्ये पुढच्या ओळीतला पडदा पुसत होता. खोली शाळेच्या वर्गासारखी आहे, एकामागे एक ओळी, सगळ्यांची तोंडं भिंतीवरच्या सरस्वतीच्या तसबिरीकडे. प्रेरणा पहिल्या ओळीत होती, स्वराली बरोबर तिच्या मागे. पंखा तेवढ्याच दोन जागांवर लागतो.

"काय पाहिलंस काल?"

"काय बी नाय, बाई. दोघी आपल्या आपल्या जागी. मी या स्टुलावरून हाललो नाय."

"अजिबात?"

"आईच्यान."

"आईला मधे घेऊ नको. काल परीक्षा संपल्यावर तू मला भेटलास, तेव्हा तुझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. या उन्हाळ्यात माणूस ओला व्हायला एकच कारण आहे."

त्याने फडकं खाली ठेवलं. मग दाराकडे बघून म्हणाला, "नळ आला, बाई. कॉलेजचा ड्रम रिकामा व्हता. चार दिवसांनी यायलंय पाणी, ते बी तासभर. पोरींना म्हणलं, तुमचं तुम्ही सुरू करा, आन् पळालो. भरून आलो तवा दोघी पेपर लिहायल्या होत्या."

"म्हणजे सुरुवात पाहणारं खोलीत कुणीच नव्हतं."

"व्हय." त्याचा चेहरा पडला. "सरांना सांगाल का? ते आधीच म्हणायलेत, तू बी पिशोरचा, ती बी पिशोरची. मीच जागा बदलून दिली म्हणतील. नोकरी जाईल मपली."

त्याच ड्रममधलं पाणी आम्ही सगळे पीत होतो. मी त्याला रागावणार तरी कशी?

"कॅमेरा कसा आहे रे हा? फोटो फारच धूसर आलाय."

"धूसर?" तो दुखावलाच. "गेल्या हप्त्यात नवा बसवलाय मी. पापण्या मोजून घ्या समोरच्याच्या!"

मी त्या खुर्चीत बसले, त्यानं फोटो काढून दाखवला. माझ्या पापण्या, सुरकुत्या आणि ओठावरचे दोन केस स्वच्छ दिसत होते. दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

मग स्वरालीचाच चेहरा का धूसर आला?

३

स्वराली औरंगपुऱ्यात, पुस्तकांच्या दुकानांच्या गल्लीत भेटली. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंनी दुचाकी लावलेल्या, मधून रिक्षावाला "बाजू, बाजू!" करत चाललेला. तिचे वडील बँकेत, आजोबा कचेरीत हेडक्लार्क होते. घरात कागदाला मान. पोरगी हुशार, आणि जिभेला धार. आमच्या क्लासमध्ये बायका आधी कीबोर्डला हात लावून तो हात कपाळाला लावतात, मग शिकायला लागतात. स्वराली हसायची. "मावशी, यंत्र आहे ते, नंदीबैल नाही. मान हलवणार नाही."

मी तिला फोटोचं सांगितलं. तिचा रंग उतरला.

"मी माझ्या जागेवरच होते मॅडम. उठलेसुद्धा नाही."

"मग तुझा चेहरा तिच्या कॅमेऱ्यात कसा गेला?"

"सिस्टीमचा घोळ असेल. फाईल बदलली असेल."

"तुझ्या नावावरच्या फोटोत तुझे केस मोकळे आहेत, डोळे उघडे. तिच्या नावावरच्यात डोळे मिटलेले. फोटो दोन आहेत, वेगवेगळे."

"पापणी लवली असेल."

"आणि हनुवटी वर आहे तुझी. नाकपुड्या दिसताहेत. खुर्चीत बसून पडद्याकडे बघणाऱ्या माणसाच्या नाकपुड्या दिसत नाहीत ग."

ती पुस्तकांच्या ढिगाकडे बघत राहिली. काहीतरी दडवत होती, एवढं नक्की. पण चोराचं दडवणं वेगळं असतं. हिचं दडवणं मैत्रिणीसमोर रडू आवरण्यातलं होतं.

"स्वराली, तिची नोकरी जाईल. लोक म्हणतायत, तू तिची परीक्षा दिलीस."

"मी?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की दुकानदारानं वर पाहिलं. आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "माझ्याकडून कोण परीक्षा देऊन घेईल मॅडम? याच परीक्षेत मी दोनदा नापास झालेय. दुसऱ्या केंद्रावर. घरी कुणालाच माहीत नाही!"

४

शनिवारची संध्याकाळ. मी प्रेरणाच्या खोलीवर गेले. दाराशी निळा ड्रम, त्यावर ओला फडका, त्यावर उपडं ठेवलेलं ताट. प्रेरणा पोळ्यांच्या कामावर गेलेली. द्वारकाबाई एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"या बाई. सून सांगायली तुमचं लई. तुमच्यामुळं बोटं हालायलीत म्हणते तिची." त्यांनी सूप बाजूला सारलं. "काय झालं, खरं सांगा. दुपारच्याला जेवली नाय ती."

मी सांगितलं. त्यांना फोटो, कॅमेरा, मेल यातलं फारसं कळलं नाही, पण जे कळायचं ते कळलं.

"म्हणजे चोरी केली म्हणायलेत."

"तसंच."

"मपल्या सुनेनं?" त्या ताठ बसल्या. "शेजारच्या शेतातली कैरी खाली पडली तर ही बांधावर ठेवून यायची, बाई. मी म्हणायची, आगं खाय की येडे! चोरी करायची अक्कल आसती तर आम्ही आज बंगल्यात आसतो."

मला हसू आलं, त्यांनाही. मग त्यांनी चहा टाकला. काडी ओढली, गॅस पेटवला आणि पेटल्यावर शेगडीला हात जोडले.

"आधी नाही जोडत हात?" मी सहज विचारलं. आमच्याकडे आधी नमस्कार, मग काम.

"आधी कामून? पेटंल का नाय, कुणाला ठाव!" त्या म्हणाल्या. "आमच्या वस्तीवर तीच रीत. विहिरीच्या मोटारीचं बटण दाबायचं आन् वाट बघायची. लाईट आसली, मोटार घुमली, तर मग टेकायचं डोकं. लाईटच नसली तर पाया कुणाच्या पडायचं? प्रेरणाला बी तीच सवय लागली. एसटीत बसली तरी गाडी हालल्याबिगर हात जोडीत नाय. आन् हात जोडून तरी भागतं का तिचं! पार कपाळ टेकवती. विहिरीवर तर बटणाच्या खोक्याला कपाळ लावून बसायची, पाणी वर येईस्तोवर."

मी कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिले.

"बाई? जास्त गोड झाला का?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी बरोबर झालाय. द्वारकाबाई, तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"चहाचे?" त्या म्हणाल्या.

५

रविवारी दुपारी मी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. शंतनू सर, ऋतुराज, प्रेरणा, स्वराली. पंखा फिरत होता आणि गरम वाराच इकडून तिकडे ढकलत होता.

"सर, आधी एक सांगा," मी म्हटलं. "मला स्वरालीकडून परीक्षा देऊन घ्यायची असती, तर फोटोला मी कुणाला बसवलं असतं?"

सर गोंधळले. "म्हणजे?"

"फोटो फक्त सुरुवातीला निघतो. तोतयेगिरी करणारी बाई फोटोला स्वतः बसेल आणि पेपराला दुसरीला बसवेल. इथे उलटं झालंय. फोटोला स्वराली, आणि पेपर लिहिताना ऋतुराजनं पाहिली ती प्रेरणा. असली उलटी चोरी कोण करेल?"

"नवी सोय ठाऊक नसेल त्यांना. फोटो निघतोय हेच कळलं नसेल."

"बरं, तसं धरू. पण मग स्वराली कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसलेली हवी. कॅमेरा पापण्या मोजून दाखवतो, माझ्या काल मोजल्या त्यानं. तिचा चेहरा मात्र धूसर. म्हणजे ती जवळ नव्हती, लांब होती. हनुवटी वर, म्हणजे कॅमेरा तिच्या खाली होता. ती बसलेली नव्हती, उभी होती. आपल्याच जागेवर, मागच्या ओळीत. आणि डोळे मिटून उभी होती."

स्वरालीने मान खाली घातली.

"डोळे मिटून कशाला उभी राहील?" सरांनी विचारलं.

मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. सरांनी माझ्या नजरेमागे पाहिलं, तिथं सरस्वती होती, सगळ्यांसारखीच धुळीत.

"हो," स्वराली पुटपुटली. "जोडले मी हात. दोनदा नापास झालेय, सर. तिसऱ्यांदा झाले तर बाबांना काय सांगू? खोलीत ऋतुराजदादा नव्हते, प्रेरणाताईंची पाठ होती. म्हटलं, कोण बघतंय." मग ती प्रेरणाकडे वळली. "मी तुम्हा सगळ्यांना हसायचे ना, म्हणून काल बोलले नाही. लाज वाटली."

ऋतुराज उठला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "सर, मी खोलीत नव्हतो. पाणी भरायला गेलतो. बाईंना सांगितलंय, आता तुम्हाला बी सांगतो."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

"पण भानुताई," ते म्हणाले, "स्वराली मागे उभी असेना का. कॅमेऱ्यासमोर प्रेरणा होती ना? मग तिचा चेहरा सोडून मागचा कसा घेतला? ती होती कुठे?"

"प्रेरणा," मी म्हटलं, "बैस तुझ्या जागेवर. परीक्षा सुरू कर, परवा केलीस तशीच. काही वेगळं करू नको."

ऋतुराजने सरावाची परीक्षा उघडून दिली. स्वराली मागे उभी राहिली, हात जोडून, यावेळी लाल झालेल्या चेहऱ्यानं. प्रेरणानं बटण दाबलं. पडदा बदलला, घड्याळ धावायला लागलं. आणि परीक्षा खरंच सुरू झाली म्हटल्यावर तिनं पुढे वाकून कीबोर्डवर कपाळ टेकवलं. क्षणभरच. मग उठून तिनं पदर सावरला.

पडद्यावर फोटो आला. नुसता चेहरा, मिटलेले डोळे, धूसर. स्वराली.

सगळे फोटोकडून प्रेरणाकडे वळले.

"मी... मी डोकं टेकवलं का आत्ता?" प्रेरणानं विचारलं. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. श्वास घेतला का, असं विचारल्यासारखं होतं ते.

"यंत्राला चेहरा हवा होता," मी म्हटलं. "समोर केसांचा भांग होता. मागे एक चेहरा दिसला, त्यानं तो घेतला. त्याचाही दोष नाही."

सर उठून उभे राहिले. "हे कंपनीला पटेल?"

"आपण केलेलं नाटक नाही पटणार. पण यंत्र चेहरा कापून घेतं, म्हणजे आधी पूर्ण फोटो काढतं. तो त्यांच्याकडेच असणार. त्यांनी तो उघडून बघावा, एवढंच मागायचं."

"आणि त्यात प्रेरणा नसली तर?"

रविवारी कंपनीत कुणी फोन उचलत नाही. प्रेरणाला सोमवारी अकराच्या आत शेंद्र्याला पोचायचं होतं.

६

सोमवारी सर माझ्याआधी कॉलेजात होते. फोन कानाला, दुसऱ्या हातानं शर्टाची गुंडी पिळत. आधी पुण्याचा माणूस, मग त्याच्या वरचा, मग आणखी कुठली तरी बाई. प्रत्येकाला ते पहिल्यापासून सांगत होते. मोटार, लाईट, नमस्कार, सगळं. सरांना इतकं मन लावून बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. प्रेरणा बाकावर बसून होती, इस्त्रीच्या साडीत, पिशवी मांडीवर. द्वारकाबाई तिच्या शेजारी. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, पण कुणी जा म्हणायचं धाडसही केलं नव्हतं.

शेवटी ती बाई म्हणाली, थांबा, बघते.

मग मेल आली. आम्ही सगळे सरांच्या पाठीशी गर्दी करून उभे राहिलो.

पूर्ण फोटो होता. खाली, अगदी जवळ, तेलानं चापून बसवलेला एक भांग आणि मोगऱ्याचा छोटा गजरा. कीबोर्डवर टेकलेलं डोकं. त्याच्या मागे, लांब, डोळे मिटून हात जोडलेली एक मुलगी. दोघींनाही ठाऊक नाही की दुसरी काय करतेय.

"आगं, ही तर तूच!" द्वारकाबाई ओरडल्या. "भांगावरून वळखली मी!"

त्याच्या खाली दोनच ओळी होत्या. निकाल मोकळा करत आहोत, उमेदवार उत्तीर्ण. पुढच्या वेळी चेहरा कॅमेऱ्यासमोर असेल याची केंद्राने काळजी घ्यावी.

सरांनी प्रमाणपत्र छापलं. प्रेरणाच्या हातात देताना ते म्हणाले, "मी तुला खोटं लिहायला सांगत होतो. माफ कर." प्रेरणा म्हणाली, "तुम्ही केंद्र वाचवायले होते, सर. मी बी तेच केलं असतं." मग तिला वेळेची आठवण झाली आणि ऋतुराजनं गाडीला किक मारली. दोघं धुरळ्यात दिसेनाशी झाली.

स्वरालीही पास झाली. काठावर, पण झाली. घरी तिनं आधीच्या दोन्ही वेळांचं सांगितलं. वडील म्हणाले म्हणे, तीनदा द्यायला धीर लागतो.

सरांनी लॅबच्या दारावर एक कागद लावला. 'नमस्कार फोटो निघाल्यानंतर करावा.' कंपनीच्या तपासणीला आलेल्या माणसानं तो वाचला आणि काढा म्हणाला नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कमी होतं. पण माणसांचं काही कमी पडलं नाही, हे मी लिहून ठेवते आहे, कारण अशा वर्षांतले पुढे फक्त टँकरच लक्षात राहतात.

मंगळवारी संध्याकाळी प्रेरणाचा फोन आला. शेंद्र्याहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमधून. मागे बायकांचा गलका.

"बाई, पहिला दिवस झाला."

"कसा गेला?"

"बरा गेला. एक माणूस आला आन् म्हणला, मॅडम, खुर्ची उंच हवी का खाली? मला आजवर कुणी असलं इचारलं नाय, बाई. मला सुधरंना काय बोलावं. म्हणलं, हाये तशी ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"मग दिवसभर पाय लोंबकळत व्हते." ती हसली, आणि हसताना तिचा आवाज जरा ओला झाला. "उद्या सांगते त्याला. म्हणते, दोन बोटं खाली घ्या."